ती तिपाई माझ्या हातून तुटली, आपा

आपा, तुम्ही गेल्याचं मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. तुरीच्या सोंगणीसाठी मी वरवट बकालला भावाच्या शेतात गेलो होतो. सकाळी शेताच्या धुऱ्यावर बसून चहा पीत होतो, तेवढ्यात फोन वाजला. "वामनभाऊ, आपा गेल्या म्हणतेत. खरं हाय काय?" मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न आला, "मंग आमच्या मशीनचं कसं?"

राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असतात आणि म्हणाला असतात, "बरोबर हाय त्याचं. घरात कपडे पडेल असतीन." मी त्या माणसाला म्हटलं, "मशीन होईल. आज मात्र विचारू नका." आणि तसाच मळलेल्या कपड्यांनी बसमध्ये बसलो.

मोताळ्याच्या पुढे बस घाट चढायला लागली तेव्हा मागच्या चाकातून घरघर ऐकू आली. बत्तीस वर्षं डेपोच्या वर्कशॉपात घालवलेला माणूस मी. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि कान मात्र सांगत होते, डावीकडचं बेअरिंग. स्वतःचीच लाज वाटली. मग वाटलं, तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हालाही तेच ऐकू आलं असतं, आणि तुम्ही कंडक्टरला बोलावून तसं सांगितलंही असतं.

मातीला वेळेवर पोचलो. तुमचे दुसरबीडचे भाऊ लोकांत उभे होते. त्यांनी मला ओळखलं, पुढे बोलावलं, जागा करून दिली. मी तीन मुठी माती टाकली. मागून कुणी तरी विचारलं, "हे कोण?" तुमचे भाऊ म्हणाले, "आपाच्या दुकानातले मिस्त्री आहेत ते." आयुष्यात मला बऱ्याच पदव्या मिळाल्या, निरोपाच्या दिवशी डेपोत शालसुद्धा मिळाली. पण तुमच्या दुकानातला मिस्त्री, हे ऐकून छाती भरून आली.

तसं तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तो तोऱ्यातच. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. घरची धुण्याची मशीन कपडे पिळताना एवढी ओरडायची की कुसुम टीव्हीचा आवाज वाढवायची. मी ती स्वतः उघडली, बेअरिंग आणलं, ठोकून बसवलं. चार महिन्यांनी पुन्हा तोच आवाज. नाइलाजानं ऑटोत घालून तुमच्याकडे आणली. तुम्ही पाटावर बसला होतात, मांडीवर उघडी मोटर, बोटांत तांब्याची तार. मी इकडेतिकडे पाहून विचारलं, "मिस्त्री कुठी हायेत?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मिस्त्री वारले. मिस्तरीण बसेल हाय. बोला."

मी बोललो. बेअरिंग म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे, बसच्या चाकांची शेकडो बेअरिंग या हातांनी काढली आहेत, वगैरे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मशीन उघडलीत. मागच्या बाजूनं ओघळलेला गंज मला दाखवलात.

"बेअरिंग कवा बदललं?"

"चार महिने झाले."

"आन् सील?"

"सील चांगलं होतं."

"चांगलं दिसत होतं, असं म्हणा," तुम्ही म्हणालात. "भाऊ, बसचं बेअरिंग धूळ खाते. याचं पाणी पिते. धुळीनं मरायले वर्ष लागतेत, पाण्यानं मरायले दोन महिने पुरतेत. पाणी आडवायचं काम त्या रबराचं. ते तुमी जुनंच ठेवलं, आन् वरून नवं बेअरिंग त्या पाण्यात बुडवलं."

मी म्हटलं, ठीक आहे, नवं सील टाकू. तुम्ही शाफ्ट माझ्या पुढ्यात ठेवलात. "नख फिरवून पाहा." शाफ्टवरच्या पितळी कड्यावर नख फिरवलं तर एका जागी अडकलं. सीलच्या रबरी ओठानं वर्षानुवर्षं घासून तिथे खाच पाडली होती. "आता नवं सील त्याच जागी बसवलं तं ते बी गळन. थोडं बाहेर घ्या, एक सूत. मंग त्याचा ओठ कोऱ्या पितळेवर बसते."

बत्तीस वर्षं, आपा! बत्तीस वर्षं मी घासलेला शाफ्ट दिसला की फेकून नवा मागवत आलो. सील एक सूत बाहेर घ्यायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मशीनशिवाय आलो. तुम्ही विचारलंत, "आज काय बिघडलं?"

"मी," म्हटलं. "घरी बसवत नाही."

"मंग इथं बसा," तुम्ही म्हणालात आणि एक पाट माझ्याकडे सरकवलात.

लोकांनी थोडंफार बोलून घेतलं. कुसुमच्या कानावर आलं तेव्हा ती स्वतः दुकानात आली, तासभर बसली, जाताना तुम्हाला संक्रांतीच्या वाणाचं निमंत्रण देऊन गेली. घरी येऊन मला म्हणाली, "त्या बाईपाशी शिका काहीतरी. निदान ऐकून घ्यायले तरी शिका." तिथून पुढे लोकांच्या बोलण्याला जागाच उरली नाही.

शिकलो बरंच. भांडलोही बरंच. एक भांडण तर तसंच अर्धवट राहिलं. नव्या मशीनचं बाहेरचं टब प्लास्टिकचं, कारखान्यातच चिकटवून बंद केलेलं. आत बेअरिंग गेलं तर कंपनी म्हणते पूर्ण टब बदला. तुम्ही मार्करनं गोल रेघ ओढायच्या, करवतीनं टब कापायच्या, बेअरिंग आणि सील बदलायच्या आणि सिलिकॉन लावून नटबोल्टनं टब पुन्हा बंद करायच्या. मी म्हणायचो, ही चिरफाड आहे, कंपनीनं बंद केलंय ते काहीतरी विचार करूनच केलं असेल. तुम्ही म्हणायच्या, "कंपनीनं बंद केलं म्हंजे अल्लानं बंद केलं काय? डॉक्टर कापते तवा तुमी त्याले ऑपरेशन म्हणता." अशा सहा मशीन आपण कापल्या. एक गळली. मी ती एक मोजायचो, तुम्ही उरलेल्या पाच मोजायच्या. अजूनही मी माझ्या मतावर ठाम आहे. पण जुन्या मशीनच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात, हे आता लिहून देतो. ज्या मशीनचं पोट बोल्ट काढून उघडता येतं, तिला भंगारात घालणं हा आळस आहे.

एवढं सगळं लिहिलं, ते खरं तर एका गोष्टीपर्यंत पोचायला वेळ लावण्यासाठी. सविताताईच्या मशीनची गोष्ट. तीन वर्षं ती माझ्या तोंडात अडकून राहिली आणि तुम्ही निघून गेलात.

बसस्टँडच्या मागच्या वस्तीत राहणारी सविताताई. तिचे यजमान गजाननराव गवंडीकाम करायचे. परांचीवरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. दिवसातून दोन वेळा चादरी बदलाव्या लागायच्या, पोट बिघडलं की चार वेळा. तिच्या भावानं फार वर्षांपूर्वी कुवेतहून आणलेली, पुढून काचेचं दार असलेली मशीन तिच्याकडे होती. आतून सगळी स्टीलची, उचलायला चार माणसं. त्या मशीनवर ते घर चालत होतं, कारण चादरी मशीनमध्ये गेल्या म्हणून सविताताई शिवणकामाला बसू शकत होती. मशीन पिठाच्या गिरणीसारखी घरघरायला लागली तेव्हा दोन दुकानदारांनी तिला सांगितलं, भंगारात द्या. मीही तेच म्हटलं. तुम्ही म्हणालात, "आणा."

तुम्ही त्या दुपारी चिखलीला एका गिऱ्हाइकाकडे गेला होतात. जाताना मला बजावून गेलात, "शाफ्टवर रोज थोडं तेल सोडा. हातोडी नोका मारू. दोन दिवस लागले तं लागू द्या." ड्रमच्या मागे ॲल्युमिनियमचा तीन पायांचा तुकडा असतो, त्यातच शाफ्ट बसवलेला असतो. तुम्ही त्याला तिपाई म्हणायच्या. शाफ्ट बेअरिंगमध्ये गंजून घट्ट झाला होता. तासभर मी थांबलो. मग डेपोतला माणूस जागा झाला. बसच्या चाकाचा हब जो सोडवतो त्याला ही एवढीशी मशीन काय दाद देणार नाही? मोठी हातोडी घेतली आणि शाफ्टच्या टोकावर घाव घातला. एक, दोन, तीन. चौथ्या घावाला आतून आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा.

ड्रम बाहेर काढला तेव्हा तिपाईचा एक पाय मुळापासून मोडलेला होता.

यानंतर मी जे केलं ते आजवर कुणालाच सांगितलं नाही. नुकतं मोडलेलं ॲल्युमिनियम चांदीसारखं चकाकतं. जुनी भेग करडी, मळकी असते. मी बोटावर काळं ग्रीस घेतलं, त्यात बेअरिंगमधला गंज कालवला आणि त्या चकाकत्या जागेवर चोळून चोळून लावलं. तुम्ही संध्याकाळी आलात तेव्हा मी म्हटलं, "आपा, तिपाई आधीपासूनच तडकलेली होती. हात लावला तं हातातच आली."

तीन दशकं जिथे काम केलं तिथे काही मोडलं की कागद निघायचा, सही द्यावी लागायची. 'आधीपासूनच होतं' हे वर्कशॉपात शिकलेलं पहिलं वाक्य. ते तोंडातून आपोआप आलं. हे कारण म्हणून सांगत नाही आहे. कसं घडलं ते सांगतो आहे.

तुम्ही तो तुकडा उचललात. उजेडाकडे नेलात. मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवलात, अंगठ्याकडे पाहिलंत, फडक्याला पुसलात. "हं," म्हणालात. आणि मग, "सविताचं काय करायचं?"

तुमच्या घरची मशीन तुम्ही त्याच संध्याकाळी ऑटोत चढवलीत. मी एका बाजूनं धरली होती. सविताताईच्या मोरीत नळ जोडून दिलात आणि पुढचे अकरा दिवस तुमच्या घरचे कपडे तुम्ही दगडावर धुतलेत, साठीच्या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी मनात म्हणत होतो, आपा गिऱ्हाइकासाठी किती करतात! मनात दुसरंही काही होतं. त्याच्याकडे मी पाहत नव्हतो.

तुम्ही अकोल्याच्या भंगारबाजारात गेलात, तशी तिपाई मिळाली नाही. जालन्याला गेलात, मिळाली नाही. मग मोडलेले तुकडे साच्यासाठी चिकटवून पिशवीत घातलेत आणि खामगावच्या एका म्हाताऱ्या ओताऱ्याकडे गेलात. मी सोबत होतो. ओतारी म्हणाला, "बाई, मी पंपाचे पंखे ओततो, हे कदी केलं नाही." तुम्ही म्हणालात, "म्या बी कदी करवलं नाही. दोघायची पहिली येळ." पहिलं ओतकाम जाळीदार निघालं, हातानं दाबलं तर पिठासारखं झालं. तुम्ही हसलात. तो म्हातारा चिडला, तुमच्यावर नव्हे, स्वतःवर, आणि त्यानं दुसरं अशा काळजीनं ओतलं की लेथवाल्यानं ते हातात घेऊन विचारलं, कुठल्या देशाचं आहे. जुना शाफ्ट काढून त्यात बसवला. तुम्ही पितळी कड्यावर नख फिरवलंत, सील एक सूत बाहेर घेतलंत, दोन्ही बेअरिंग स्वतःच्या हातानं बसवलीत. मला फक्त बोल्ट आवळायला दिलेत.

मशीन सुरू झाली तेव्हा गजाननराव आतल्या खोलीतून ओरडले, "सविता, लाइट गेली काय?" आवाजच नव्हता तिला.

पुढच्या आठवड्यात दुकानात भिंतीवर नवा पुलर टांगलेला दिसला. शाफ्टवरून बेअरिंग आणि शाफ्टवर अडकलेलं काहीही घाव न घालता ओढून काढायचं ते अवजार. तुम्ही एवढंच म्हणालात, "आता हातोडीले आराम करू द्या." मी मान हलवली. मला वाटलं, माझं वय झालं म्हणून म्हणत असतील.

सांगायचं ठरवून मी किती वेळा आलो, आपा. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन बसलो होतो, तोंड उघडलं, तेवढ्यात तुमचा मेहुणा आला. एकदा खामगावहून परत येताना बसमध्ये सुरुवात केली, "आपा, त्या तिपाईचं..." तुम्ही म्हणालात, "म्हाताऱ्यानं काय झकास ओतली नाही?" आणि खिडकीबाहेर पाहायला लागलात. गेल्या वर्षी तुमच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, नळी घालायचं ठरलं. मी भेटायला आलो. तुम्ही पांढऱ्या चादरीत बसला होतात आणि माझी चेष्टा करायच्या मूडमध्ये होतात. "भाऊ, काही बोलायचं असंन तं आताच बोलून घ्या. मंग भूल देतीन."

मी म्हटलं, "काही नाही आपा. लवकर या. कामं पडेल हायेत."

तुम्ही माझ्याकडे थोडा जास्त वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "येतो न. जातो कुठी."

आलातही. पूर्ण वर्ष काम केलंत. आणि आता या थंडीत एका पहाटे, कुणाला हाक न मारता, गेलात.

दुकान तीन दिवस बंद होतं. चौथ्या दिवशी शबानानं शटर उघडलं. तुमची मुलगी तुमच्यासारखी हसत नाही, पण मोटरमध्ये तार भरताना तिची बोटं तशीच चालतात. मी दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "चाचा, आत या न. तुमीच असे उभे राह्यले तं मी काय करू?" मग आम्ही दोघांनी पडलेली कामं एकेक करून संपवायला सुरुवात केली. शेतातल्या त्या फोनवाल्याचीही मशीन झाली. तो घ्यायला आला तेव्हा मान खाली घालून उभा होता. मी त्याला चहा पाजला.

काल सविताताईचा फोन आला. मशीनमधून आवाज येतोय.

मी फोन ठेवला. तिपाई. तीन वर्षं, दिवसाला दोनदा चादरी, हातानं ओतलेलं ॲल्युमिनियम. मी शबानाला म्हटलं, चल. हत्यारांची पेटी घेतली, पुलरही घेतला.

सविताताईनं दार उघडलं आणि शबानाला जवळ घेऊन रडली. गजाननराव पलंगावरून म्हणाले, "भाऊ, आपाच्या मातीले मले कोणी नेलं नाही हो. म्या म्हटलं होतं, खाटेवर टाकून न्या." मी त्यांचा हात धरला. मग मोरीत जाऊन मशीनपुढे बसलो. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि ठेवून दिला. त्या मशीनला तसाच हात लावता येईना.

"सविताताई," मी म्हटलं, "आधी एक सांगायचं हाय. तीन वर्षांमागं याची तिपाई मोडली होती. ती आधीपासून तडकेल नव्हती. म्या हातोडीनं मोडली. आपा नव्हत्या तवा. आन् खोटं बोललो."

सविताताईनं पदरानं डोळे पुसले आणि काहीच न समजल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"तडकेल होती असं मले कोणी सांगतलंच नव्हतं, भाऊ. आपा त्याच दिवशी संध्याकाळी आल्या होत्या न मशीन घेऊन. तुमी बाहेर ऑटोवाल्याशी बोलून राह्यले होते. आपा मले मोरीत घेऊन आल्या आन् म्हणे, सविता, तुयी मशीन माया हातून मोडली. मी नवी करून देईन, तोवर मायी वापर."

"माया हातून?"

"हाव. माया हातून म्हणे. मले तं रागच आला होता तवा. मंग म्हटलं, जी बाई तोंडावर येऊन सांगते, तिच्याकडंच काम द्यावं. वस्तीत सगळ्यायले म्या तेच सांगतलं."

तीन वर्षं त्या वस्तीतून आपल्याकडे मशीन येत राहिल्या. मला वाटायचं, आपलं काम चांगलं आहे म्हणून येतात. त्या येत होत्या, कारण तुम्ही न केलेली चूक कबूल केली होती.

आपा, हे तुम्ही बरोबर केलं नाही. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण आपलं नातंच भांडणाचं होतं, म्हणून बोलतो. तो दोष माझा होता. तो तुम्ही उचलून नेलात आणि मला कळूही दिलं नाहीत. तुम्ही एकदा विचारलं असतं तर मी कबूल झालो असतो.

नसतो झालो. खरं तेच लिहितो. त्या दिवशी तुम्ही "भाऊ, तुमी खोटं बोलले" म्हटलं असतं तर मी तणतणत घरी गेलो असतो आणि दुसऱ्या दिवशी आलो नसतो. तुम्हाला ते अंगठ्यावरच्या ग्रीसकडे पाहता पाहता कळलं असणार. गिऱ्हाईक सांभाळायचं, मशीन उभी करायची आणि एका हट्टी माणसालाही दुकानात ठेवून घ्यायचं, या तिन्हीचा हिशेब तुम्ही एका "हं"मध्ये केलात. पुलर टांगलात, दवाखान्यात वाट पाहिलीत. मी बोललो नाही, तरी पाट माझ्याकडे सरकवत राहिलात. माफी मागायला उशीर झाला हे मला कळतं. पण तुम्ही मला ज्या लायक समजलात तितका होण्याला अजून उशीर झालेला नाही. हात चालतात. कान चालतात. आणि आता तोंडही उघडलंय.

"चाचा," शबाना हळूच म्हणाली, "पाहा न आता काय झालं तं."

आधी ड्रम हातानं फिरवला. गुळगुळीत, कुठे रखरख नाही. वरखाली हलवून पाहिला. ढिला नाही. खालचं झाकण काढून पंप तपासला तर त्यात चादरीची एक मोठी सेफ्टी पिन अडकलेली होती. आवाज तिचा होता. पिन काढून सविताताईच्या हातावर ठेवली तेव्हा गजाननराव आतून म्हणाले, "म्या म्हटलं होतं हिले, पिन हरपली म्हणून!"

काम झालं होतं. पण मला राहवलं नाही. मशीन भिंतीपासून सरकवली, मागचा पत्रा उघडला, विजेरी लावली. सील गळत असेल तर बेअरिंगच्या खाली गंजाचा ओघळ दिसतो, तांबडा, जिभेसारखा. खाली वाकून पाहिलं. बोट फिरवून पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं. एवढा वेळ लागला तशी शबाना घाबरली.

"काय झालं, चाचा?"

"काहीच झालं नाही बेटा," मी म्हटलं. "तेच पाहून राह्यलो."

तीन वर्षांत एक थेंब आला नव्हता, आपा. पार कोरडं होतं.